कॅमेरे नंतर घ्या, आधी कोण कोणाला काय सांगणार ते ठरवा

वाहतूक 'स्मार्ट' करायची घोषणा झाली की पाठोपाठ आकडे येतात. इतके कॅमेरे, इतके डिजिटल फलक, इतके नवे सिग्नल, भिंतभर पडदे लावलेली एक कंट्रोल रूम. फीत कापली जाते, फोटो छापून येतात. दोन-तीन वर्षांनी पाहावं तर त्या फलकावर 'वाहन सावकाश चालवा' एवढंच झळकत असतं. फलक बिघडलेला नसतो. त्यावर दुसरं काही दाखवायचं तर ती माहिती कुणी, कुठून आणि किती वेळात पाठवायची, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

या सगळ्या तंत्रज्ञानाला मिळून 'इंटेलिजंट ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स', थोडक्यात आयटीएस म्हणतात. सिग्नलचं नियंत्रण, महामार्गावरची देखरेख, बस आत्ता कुठे आहे ते सांगणारं ॲप, टोल, सगळीकडे चालणारं तिकीट कार्ड, अपघाताची सूचना, रिकाम्या पार्किंगची माहिती, असं बरंच काही त्यात येतं. यातली प्रत्येक वस्तू बाजारात सुटी सुटी विकत मिळते. या वस्तूंनी आणि त्यांच्या मालकांनी एकमेकांशी काय बोलायचं, ती यादी मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती त्या त्या प्रदेशातल्या यंत्रणांनी एकत्र बसूनच करावी लागते. आयटीएसचं नियोजन म्हणजे मुख्यतः हीच यादी. बाकीचं बरंचसं खरेदीखातं.

एक उलटलेला ट्रक

सकाळची गर्दीची वेळ. महामार्गावर एक ट्रक उलटला आणि दोन लेन बंद झाल्या. आता ही बातमी कशी फिरते ते बघू.

पहिला फोन जातो आपत्कालीन क्रमांकावर. तिथून पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला निरोप जातो. महामार्गाच्या कंट्रोल रूममध्ये ते दिसतं, पण कॅमेरा त्या दिशेला वळलेला असला तरच. महामार्गाला समांतर जाणारा रस्ता शहराच्या अखत्यारीत असतो. तिथले सिग्नल रोजच्याच वेळापत्रकाने चालू राहतात, आणि महामार्गावरून उतरलेली गर्दी त्या सिग्नलांवर येऊन तुंबते. बस कंपनीला ही गोष्ट कळते ती तिच्या चार बस त्या गर्दीत अडकल्यावर, चालकाने फोन केल्यावर. आणि दहा किलोमीटर मागे असलेला डिजिटल फलक टोल चालवणाऱ्या कंपनीचा असतो. तिला कुणी कळवलेलंच नसतं.

म्हणजे माहिती होती. पाच ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत होती. पण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, अशी गत.

यावर उपाय काय, असं विचारलं की आणखी कॅमेरे हे उत्तर चटकन येतं. खरं तर लागतो एक छोटासा निरोप: ठिकाण, दिशा, बंद असलेल्या लेन, घटनेची वेळ, आणि रस्ता मोकळा व्हायला लागणारा अंदाजे वेळ. एवढ्या पाच-सहा गोष्टी पोलिसांच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप बाहेर पडून बाकीच्या चौघांकडे मिनिटाभरात पोचल्या पाहिजेत. फोन करणाऱ्याचं नाव, त्याचा नंबर, जखमींची माहिती यातलं काहीही बाहेर जायचं कारण नाही. हेही आधीच ठरवावं लागतं, नाहीतर पोलीस खातं माहिती द्यायला नकार देतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

निरोप पोचला की पुढचं सगळं शक्य होतं. शहर समांतर रस्त्यावर जादा हिरवा वेळ देणारी सिग्नल योजना चालू करू शकतं. बसचा नियंत्रक पुढच्या बस वळवू शकतो. फलक बदलतो. इथे एक बारीक मुद्दा आहे. वाहनचालकाला बाहेर पडायचा शेवटचा फाटा मागे गेल्यावर फलकाने 'पुढे अपघात' सांगितलं, तर ती निव्वळ मनस्तापाची सोय झाली. फलक कुठे उभारायचा हे ठरतं ते चालकाला कुठल्या ठिकाणी निर्णय बदलता येईल यावरून. आणि तो त्या वेळेत बदलेल का, हे ठरतं निरोपाच्या वाटेवरून. म्हणून निरोपाची वाट आधी आखायची आणि खांब नंतर रोवायचा.

'प्रदेश' हा शब्दही इथेच नेमका होतो. रस्त्यावरच्या गाडीला हद्द कळत नाही. माणूस एका गावात राहतो, दुसऱ्यात काम करतो, वाटेत तिसऱ्याचे सिग्नल आणि चौथ्याचा पूल लागतो. त्यामुळे नियोजनाचा प्रदेश प्रशासकीय नकाशावरून न ठरवता रोजच्या ये-जा वरून ठरवावा लागतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या तीन राज्यांतल्या रस्ते, पूल, बोगदे, रेल्वे आणि पोलीस यंत्रणांनी १९८६ मध्ये 'ट्रान्सकॉम' नावाची सामायिक संस्था उभी केली ती याच अडचणीतून. ह्यूस्टनमध्ये १९९६ पासून 'ट्रान्सटार' या केंद्रात राज्याचं वाहतूक खातं, काउंटी, शहर आणि मेट्रो ही सार्वजनिक वाहतूक संस्था एकाच छताखाली बसतात. छत एकच असलं पाहिजे असं नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा लवकर सुरू करता येतं, एवढं मात्र खरं.

आराखडा नावाचा प्रकार

निरोपांची ही यादी करण्याची पद्धत अमेरिकेत कायद्याने बसवली गेली, म्हणून तिची ओळख करून घेणं सोयीचं आहे. १९९१ च्या वाहतूक कायद्याने तिथे या तंत्रज्ञानासाठी केंद्रीय कार्यक्रम सुरू झाला. जो तो आपापली यंत्रणा उभारू लागला तर पुढे त्या एकमेकींशी बोलणार नाहीत, ही भीती होती. म्हणून १९९६ मध्ये एक राष्ट्रीय आराखडा तयार झाला. १९९८ च्या कायद्याने त्याला दात दिले: केंद्राच्या महामार्ग निधीतून आयटीएसचा प्रकल्प करायचा असेल तर तो आराखड्याशी सुसंगत हवा. २००१ च्या जानेवारीत नियम आले, आणि आधीपासून प्रकल्प चालू असलेल्या प्रदेशांना स्वतःचा प्रादेशिक आराखडा करायला चार वर्षांची, म्हणजे एप्रिल २००५ पर्यंतची मुदत मिळाली. निधीची नाडी हातात असल्यावर कामं कशी हलतात, हे वेगळं सांगायला नको. २०१७ पासून या राष्ट्रीय आराखड्याला 'आर्क-आयटी' म्हणतात. त्यावरून आपल्या प्रदेशाचा आराखडा बनवण्याचं 'रॅड-आयटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. युरोपनेही 'फ्रेम' नावाचा आपला आराखडा केला, जपाननेही केला.

आराखडा म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्रांची चित्रं येतात. इथे तसं नाही. घर बांधताना पंखा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरायच्या कितीतरी आधी वायरिंगचा नकाशा काढतात: पॉइंट कुठे, बटण कुठे, वायर कुठून कुठे. प्रादेशिक आराखडा हा असा वायरिंगचा नकाशा आहे, फक्त त्यात विजेच्या जागी माहिती वाहते.

त्यात पहिली असते ती मोजदाद. प्रदेशात कोणाकडे काय आहे? शहराची सिग्नल यंत्रणा, महामार्गाचे कॅमेरे, बसमधली जीपीएस, पोलिसांचं सॉफ्टवेअर, हवामान केंद्र. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण यातच अर्धी गंमत असते, कारण शेजारच्या खात्याकडे आपल्याला हवी ती माहिती कधीपासून पडून आहे हे बऱ्याचदा याच वेळी कळतं. मग सेवा निवडायच्या. आर्क-आयटीमध्ये अशा शंभराहून जास्त तयार सेवांचे नमुने आहेत: 'अपघात व्यवस्थापन', 'बसला सिग्नलवर प्राधान्य', 'रस्त्यावरच्या हवामानाची पाहणी' वगैरे. हॉटेलातल्या मेन्यूकार्डातलं सगळंच मागवायचं नसतं, तसं इथेही प्रदेशाची दुखणी काय आहेत ते पाहून निवडायचं. बर्फ न पडणाऱ्या प्रदेशाने बर्फ काढणाऱ्या गाड्यांची सेवा आराखड्यात घेतलेली दिसली, की तो आराखडा कुणीतरी दुसरीकडून उतरवून आणलाय असं खुशाल समजावं.

आणि मग येतात बाण. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाणारा प्रत्येक बाण म्हणजे माहितीचा एक प्रवाह, आणि प्रत्येकावर लिहिलेलं असतं की हा आज चालू आहे की पुढे करायचा आहे. हे चित्र दिसायला अगदी रुक्ष. पण दोन खात्यांच्या अधिकाऱ्यांना त्याच्यासमोर बसवा. "हा बाण तुमच्याकडून आमच्याकडे दाखवलाय, पण आम्हाला तर तुमच्याकडून काही येत नाही," हे वाक्य निघालं की बैठकीचं सार्थक झालं.

बसला हिरवा दिवा: सोपं दिसणारं, पण

आराखड्यातली एक सेवा जवळून बघू. उशीर झालेली बस चौकाजवळ आली की सिग्नलने तिला जरा सवलत द्यायची, म्हणजे हिरवा दिवा काही सेकंद लांबवायचा किंवा लाल दिवा काही सेकंद आधी संपवायचा. कल्पना एका वाक्यात सांगून होते.

अग्निशमनाच्या गाडीला मिळतो तो हक्क वेगळा. ती आली की सिग्नल आपला क्रम मोडून तिला वाट देतो. बसला असा हक्क नसतो. तिला मिळते ती विनंती करण्याची मुभा. सिग्नल ती विनंती नाकारूही शकतो, आणि पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला लागणारा किमान वेळ तर बसच्या सवलतीसाठी कापता येत नाही. आता कोणी काय ठरवायचं ते मोजा.

बसला उशीर झालाय हे कोण ठरवणार? बसमधला संगणक, की कार्यालयातला? त्यासाठी वेळापत्रक बसमध्ये भरलेलं हवं आणि ते बदललं की त्याच दिवशी तिथेही बदललं पाहिजे. किती मिनिटं उशीर म्हणजे उशीर? वेळेवर धावणाऱ्या बसलाही सवलत दिली तर ती वेळेच्या आधी पुढे निघून जाते आणि थांब्यावर धावत येणाऱ्याची चुकते. मग, थांबा चौकाच्या अलीकडे आहे की पलीकडे? अलीकडे असेल तर गोची होते: बस विनंती पाठवते, सिग्नल हिरवा लांबवतो, आणि बस मात्र थांब्यावर प्रवासी घेत उभी. हिरवा वाया, आडव्या रस्त्यावरचे लोक खोळंबले, बस पुन्हा लालवर. त्यामुळे या सेवेचा खरा फायदा हवा असेल तर काही ठिकाणी थांबाच चौकाच्या पलीकडे हलवावा लागतो. म्हणजे फूटपाथ, शेड आणि कदाचित एखादं झाडसुद्धा. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात झाडाचा प्रश्न आला म्हणून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

पुढे आणखी. एकाच वेळी दोन दिशांनी दोन उशिराच्या बस आल्या तर कोणाची विनंती मान्य? भरलेल्या बसची? मग बसमध्ये माणसं मोजणारं यंत्र लागेल. एकदा सवलत दिल्यावर पुढची किती वेळाने द्यायची? आणि यातली ग्यानबाची मेख अशी: बसचा मार्ग तीन शहरांतून जातो, तिन्हींचे सिग्नल वेगवेगळ्या कंपन्यांचे. बस एकच, पण तिने तीन भाषांत विनंती करायची का? म्हणून विनंतीचं रूप ठरवून देणारी मानकं असतात. अमेरिकेत वाहतूक उपकरणांच्या मानकांच्या 'एनटीसीआयपी' या मालिकेत १२११ क्रमांकाचं मानक नेमकं याच कामासाठी आहे. निविदेत ते लिहिलं नसेल तर पहिल्या शहरात छान चाललेली बस दुसऱ्याच्या वेशीवर मुकी होते.

शेवटी नोंदी. किती विनंत्या आल्या, किती मान्य झाल्या, आडव्या रस्त्याला किती तोशीस पडली? ही नोंद सिग्नलकडे असते, म्हणजे शहराकडे. बसच्या वेळेची नोंद बस कंपनीकडे. दोन्ही एकत्र केल्याशिवाय 'फायदा झाला का' याचं उत्तर देताच येत नाही. त्या एकत्र करायच्या हे करारात नसेल, तर वर्षाने दोन्ही खाती आपापल्या परीने प्रकल्प यशस्वी झाल्याचं सांगतात, आणि प्रवासी थांब्यावर घड्याळ बघत उभा.

टेबलाभोवती कोण

कराराचं नाव आलंच आहे. प्रत्येक महत्त्वाच्या बाणामागे कुठलातरी करार असावा लागतो, आणि तो कागदावर असावा लागतो. दोन खात्यांतल्या दोन भल्या माणसांच्या ओळखीवर पुष्कळ कामं सुरळीत चालतात. मग त्यातल्या एकाची बदली होते.

करारात लिहायचं ते साधंच असतं. माहिती कोणती, किती वेळाने, कोणत्या रूपात. यंत्रणा बंद पडली तर कोणी कोणाला फोन करायचा. तुमचा कॅमेरा आम्हाला बघायला मिळेल, पण तो फिरवायचा अधिकारही मिळेल का? रात्री दहानंतर शहराची कंट्रोल रूम बंद असते, तेव्हा सिग्नल योजना बदलायचा अधिकार महामार्गाच्या माणसाला द्यायचा का? या शेवटच्या प्रश्नावर बैठका लांबतात. लांबू द्याव्यात. अपघाताच्या रात्री भांडण्यापेक्षा दिवसा चहा घेत भांडलेलं बरं.

बैठकीला बोलवायची राहून जाणारी मंडळी ठरलेली असतात. रस्त्यावरची वाहनं ओढून नेणारे, सिग्नलची प्रत्यक्ष दुरुस्ती करणारे, बसच्या डेपोतले नियंत्रक, आणि खात्याचं संगणक जाळं सांभाळणारे. या शेवटच्यांना न विचारता आखलेले बाण हमखास अडकतात, कारण दोन खात्यांच्या जाळ्यांमध्ये सुरक्षेची भिंत असते आणि ती उघडायची परवानगी त्यांच्या हातात असते. त्यांचा संशयही रास्त असतो. रस्त्याकडेच्या पेटीतला सिग्नलचा कंट्रोलर हादेखील संगणकच आहे, आणि कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवलेला असेल तर तो कुणाच्याही हाती लागू शकतो.

तंत्रज्ञान बदलतं, निरोप राहतो

आराखड्यात यंत्राचं नाव न लिहिता प्रवाहाचं नाव लिहायचं, यामागचं कारण एका उदाहरणातून चांगलं कळतं. गाड्यांनी एकमेकींशी आणि सिग्नलशी थेट रेडिओवरून बोलावं म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. 'डीएसआरसी' नावाचं तंत्र त्यासाठी ठरलं. वीस वर्षं प्रयोग झाले, अनेक शहरांनी चौकाचौकांत ती उपकरणं बसवली, पण मोटार कंपन्यांनी ती गाड्यांमध्ये सरसकट आणली नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आयोगाने त्यातला ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या वापरासाठी मोकळा केला आणि उरलेला ३० मेगाहर्ट्झ मोबाइल जाळ्यातून आलेल्या 'सी-व्ही-टू-एक्स' या दुसऱ्याच तंत्राला दिला. खांबावरची उपकरणं एका निर्णयात जुनी ठरली.

ज्यांच्या आराखड्यात 'डीएसआरसी यंत्रं बसवणे' असं लिहिलेलं होतं त्यांचा आराखडाही जुना झाला. 'सिग्नलने जवळच्या गाडीला दिव्याची उरलेली वेळ सांगणे' असं लिहिलेलं असेल, तर ते वाक्य आजही तसंच लागू आहे. पोस्टमन बदलला, पत्र तेच.

उलट बाजूचं उदाहरण पाहायचं तर बसच्या वेळापत्रकाचं. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही संस्था आणि गुगल यांनी मिळून २००५ मध्ये वेळापत्रक लिहिण्याची एक साधी पद्धत बसवली. 'जीटीएफएस' तिचं नाव. त्यातला 'जी' सुरुवातीला गुगलचा होता, नंतर तो 'जनरल'चा झाला. ही पद्धत म्हणजे एका झिप फाइलमध्ये बांधलेल्या काही मजकुराच्या फाइली. एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत प्रत्येक फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता. कोणीही साध्या संगणकावर उघडून वाचू शकतं. मध्यरात्रीनंतरचा घोळसुद्धा मजेशीर रीतीने सोडवलाय: रात्री अकराला निघालेली बस सव्वा वाजता पोचत असेल तर वेळ लिहायची २५:१५, म्हणजे फेरी आदल्या दिवसाचीच राहते. अशा साधेपणामुळे जगभरच्या लहानमोठ्या बस कंपन्यांनी ती उचलली, आणि बस आत्ता कुठे आहे हे सांगणारी तिची जोडपद्धत २०११ मध्ये आली. एखाद्या प्रदेशाकडे पैसा थोडाच असेल आणि कुठून सुरुवात करावी असं विचारलं, तर माझं मत असं की आधी सगळ्या बस आणि रेल्वे सेवांची ही फाइल नीट करावी, ती रोज अद्ययावत ठेवणारा माणूस नेमावा, आणि मग भिंतभर पडद्यांचा विचार करावा. फीत कापायला काही मिळत नाही, एवढाच तोटा.

पैसा कुठे मुरतो

खरेदीच्या रकमेची चर्चा होते, सांभाळायच्या रकमेची होत नाही. रस्त्यात खाच पाडून त्यात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, वरून गाडी गेली की त्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि गाडी मोजली जाते. रस्ता पुन्हा डांबरी करताना वरचा थर खरवडला की ते वेटोळं गेलं. डांबरीकरण करणाऱ्या विभागाला ते तिथे आहे हे माहीत नसतं, आणि सिग्नलच्या विभागाला डांबरीकरण झालं हे माहीत नसतं. अशा आंधळ्या चौकात सिग्नल आपला ठरावीक वेळेचा हिरवा-लाल फिरवत बसतो, रस्ता रिकामा असला तरी. आराखड्यात 'रस्तेदुरुस्तीचं वेळापत्रक' हा प्रवाह या दोन विभागांमध्ये हवा तो यासाठी. सगळ्यात स्वस्त प्रवाह, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

सिग्नलच्या वेळाही शिळ्या होतात. नवी शाळा, नवी वसाहत, कचेऱ्यांच्या बदललेल्या वेळा, यांनी गर्दीचं रूप पालटतं. म्हणून तीन ते पाच वर्षांनी सिग्नलच्या वेळा नव्याने बसवाव्यात असा या क्षेत्रातला सर्वसाधारण सल्ला आहे. त्यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही, लागतो तो जाणकार माणूस आणि त्याचा पगार. आणि निविदेत उपकरणांची रक्कम असते, पगाराची नसते.

ही कामं किती धीराने होतात याचा अंदाज लॉस एंजेलिसवरून येतो. तिथे १९८४ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने स्टेडियमच्या आसपासचे सिग्नल संगणकाने जोडले गेले. शहरातले सगळे, चार हजारांहून अधिक सिग्नल एका यंत्रणेत यायला २०१३ उजाडलं. म्हणून आराखड्यात प्रकल्पांचा क्रम लिहिलेला असतो: आधी काय, मग काय, कशावर काय अवलंबून. चौकापर्यंत जाळ्याची केबल नसताना 'स्वतः शिकणारे सिग्नल' विकत घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

चाललंय का, हे कसं कळणार

शेवटचा भाग मोजमापाचा, आणि यावर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याइतकं धीट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत महामार्गावर चढणाऱ्या रस्त्यांवर चारशेहून जास्त 'रॅम्प मीटर' होते. रॅम्प मीटर म्हणजे चढणीवरचा छोटा सिग्नल, जो एकेक-दोनदोन गाड्याच महामार्गावर सोडतो. घोळक्याने गाड्या घुसल्या की महामार्गावरचे लोक ब्रेक मारतात आणि त्यातून कोंडी जन्मते, म्हणून ही थांबवाथांबवी. पण चढणीवर ताटकळणाऱ्यांना ते कसं पटणार? समोर महामार्ग पळताना दिसतोय आणि आपण लाल दिव्यासमोर. तक्रारी इतक्या वाढल्या की राज्याच्या विधिमंडळाने २००० मध्ये सगळे मीटर काही आठवडे बंद ठेवून परिणाम मोजायचा हुकूम काढला.

शरद ऋतूत मीटर बंद झाले. बाहेरच्या सल्लागारांनी मोजलं. महामार्गांवरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या सुमारे ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाला लागणारा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. म्हणजे तंत्र खरंच काम करत होतं. आणि हे सांगता आलं ते बंद करण्याआधीची मोजणी हाताशी होती म्हणून. प्रकल्पाच्या आधी मोजलं नाही तर नंतरच्या आकड्यांचं कसलंही लोणचं घालता येतं.

पण लोकांची तक्रारही खोटी ठरली नाही. जुनी पद्धत फक्त महामार्गाची काळजी करत होती, चढणीवर माणूस किती वेळ उभा आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं. मीटर पुन्हा सुरू झाले, पण सगळे नाही आणि पूर्वीइतका वेळ नाही. पुढे नवीन सूत्र बसवलं गेलं. स्थानिक रस्त्यावरून चढणाऱ्याला चार मिनिटांपेक्षा जास्त थांबवायचं नाही, एका महामार्गावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा पाळायची तर चढणीवरची रांग किती लांबली आहे हे यंत्रणेला कळायला हवं, म्हणून तिथल्या डिटेक्टरची, म्हणजे गाड्या टिपणाऱ्या यंत्राची, माहितीही या सूत्रात घेतली गेली. रांग फार वाढली की मीटर आता महामार्गाची स्थिती बाजूला ठेवून गाड्या भराभर सोडू लागतो.